अँटीजेन म्हणजे वस्तू, काम की नुसतं आडनाव? व्हायरसच्या बाबतीत पार घोळ झालाय डोक्यात

पेट्रीडिश७

नमस्कार मंडळी. मायक्रोबायोलॉजी एमएससी, पहिलं वर्ष. गेले दोन आठवडे एकाच शब्दाने छळलंय आणि तो शब्द नेमका पहिल्या धड्यातला आहे, त्यामुळे वर्गात हात वर करायचीसुद्धा लाज वाटते. म्हणून इथे.

झालं असं की अंतर्गत परीक्षेत प्रश्न होता, हिपॅटायटिस बी व्हायरसची आकृती काढून एस, सी आणि ई हे तीन अँटीजेन कुठे असतात ते दाखवा. मी एस बाहेरच्या आवरणावर दाखवला, सी आतल्या गाभ्याचा, आणि ई साठी बाण व्हायरसच्या बाहेर काढून लिहिलं की हा कणाचा भाग नाही, लागण झालेली पेशी हा रक्तात सोडते. अर्धा मार्क गेला. बाजूला लाल शेरा, "व्हायरसचा अँटीजेन व्हायरसमध्येच असणार ना?" अर्धा मार्क गेला खड्ड्यात, पण तो शेरा काही डोक्यातून जाईना, कारण मला त्याला नीट उत्तरच देता येत नव्हतं.

मग बसले खोदत. एक पुस्तक म्हणतं जे शरीरात गेल्यावर अँटीबॉडी (शरीराने बनवलेलं, पकडणारं प्रोटीन) तयार करायला लावतं ते अँटीजेन. दुसरं म्हणतं ज्याला अँटीबॉडी किंवा टी सेलचा (संरक्षण करणाऱ्या एका पांढऱ्या पेशीचा) रिसेप्टर चिकटतो ते अँटीजेन, तयार होवो न होवो. तिसऱ्यात "परकीय पदार्थ" असं आहे आणि त्याच पुस्तकात पुढे चाळीस पानांवर ऑटोअँटीजेन आहे, म्हणजे परका पण आपलाच? हॅप्टेनचं तर विचारूच नका, एकीकडे अपूर्ण अँटीजेन, एकीकडे अँटीजेन आहे पण इम्युनोजेन नाही, एकीकडे अँटीजेनच नाही.

आणि शेवटचा घाव म्हणजे एसव्ही४० या माकडांमधल्या व्हायरसचा टी अँटीजेन. पेपर उघडला तर तो डीएनए उलगडणारं एन्झाइम आहे, पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनला धरून ठेवतो, पेशीला विभाजनाच्या चक्रात ढकलतो, आणि पानंच्या पानं वाचली तरी इम्युनिटीचा विषयच नाही. मग अँटीजेन कशाला म्हणायचं त्याला? आणि त्यातला टी म्हणजे टी सेलचा टी का?

कुणीतरी एकदा मुळापासून सांगा प्लीज. व्याख्या पाठ आहेत, व्याख्या नकोत.

बेसिक_भाऊ

एवढा विचार नको करू. अँटीजेन म्हणजे अँटीबॉडी जनरेटरचा शॉर्टफॉर्म. बाहेरून आलेलं प्रोटीन, शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. परीक्षेत हेच लिही, फुल मार्क.

सीरमवाली

भाऊ, तीन वाक्यांत तीन खड्डे. बाहेरूनच यायला पाहिजे असं नाही, ल्युपसच्या (शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजाराच्या) पेशंटला स्वतःच्याच पेशीचं केंद्रक अँटीजेन असतं. प्रोटीनच पाहिजे असंही नाही, न्यूमोकॉकसचं साखरेचं कवच हा लशीतला अँटीजेन आहे. आणि अँटीबॉडीच बनली पाहिजे असंही नाही, कारण टी सेल ज्याला ओळखते त्यालाही आपण अँटीजेनच म्हणतो.

पेट्रीडिश, तुझा घोळ हा तुझा घोळ नाहीये, शब्दाचाच आहे. हा शब्द हंगेरीच्या लास्लो देत्रेचा, १८९९ च्या आसपासचा. तेव्हा प्रोटीनची रचना माहीत नाही, लिम्फोसाइट काय करते माहीत नाही, बी आणि टी सेल तर अजून साठेक वर्षं लांब. माहीत एवढंच की प्राण्याला काहीतरी टोचलं की त्याच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात) काहीतरी येतं आणि ते त्या टोचलेल्या गोष्टीला धरतं. म्हणजे तयार करायला लावणारी आणि धरली जाणारी गोष्ट एकच, असं सगळे गृहीत धरून चालले होते आणि एका शब्दात भागत होतं.

लँडस्टायनरने ते फोडलं. त्याने छोटे छोटे रासायनिक रेणू मोठ्या प्रोटीनला जोडून प्राण्यांना टोचले, तर त्या छोट्या रेणूंविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या. मग तोच रेणू सुटा घेतला तर अँटीबॉडी त्याला छान धरते, पण सुटा टोचला तर प्राणी ढिम्म. काहीच बनवत नाही. १९२१ मध्ये त्याने अशा रेणूला हॅप्टेन नाव दिलं. आता दोन कामं वेगळी झाली ना, उठवणं वेगळं आणि धरलं जाणं वेगळं? पण शब्द एकच राहिला. नंतर लोकांनी उठवणाऱ्याला इम्युनोजेन म्हणायला सुरुवात केली आणि अँटीजेन हा शब्द धरल्या जाणाऱ्याला ठेवला, पण जुना अर्थ कुणी परत घेतला नाही, तो पुस्तकांत तसाच फिरतोय. तुझी पहिली व्याख्या जुनी आणि दुसरी नवी, बस एवढंच.

मी शिकवताना असं सांगते की अँटीजेन हा शब्द "जावई" सारखा आहे. कुणी माणूस मुळात जावई नसतो, अमक्या घरचा जावई असतो. तसं "हे प्रोटीन अँटीजेन आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे, कुणाच्या दृष्टीने ते विचार, कुठल्या अँटीबॉडीच्या, कुठल्या टी सेलच्या.

पटत नसेल तर रॅपिड अँटीजेन टेस्टची पट्टी घे आणि नीट बघ. थेंब टाकला की द्रव सरकत जातो, वाटेत सोन्याचे बारीक कण चिकटवलेली अँटीबॉडी वाळवून ठेवलेली असते, ती सुटून बरोबर निघते. तिने व्हायरसचं प्रोटीन पकडलं असेल तर ती जोडी टी रेषेवर रोवलेल्या दुसऱ्या अँटीबॉडीला अडकते आणि गुलाबी रेघ उमटते. इथे अँटीजेन कोण, व्हायरसचं प्रोटीन. बरं, उरलेली सोनेरी अँटीबॉडी पुढे सरकते सी रेषेकडे. तिथे बऱ्याच किटमध्ये काय रोवलेलं असतं? त्या अँटीबॉडीलाच पकडणारी अँटीबॉडी. उंदराची असेल तर अँटी-माऊस. म्हणजे सी रेषेवर अँटीजेन कोण? मघाची अँटीबॉडी! बोटभर पट्टीवर दोन सेंटिमीटर पण नाही सरकली आणि भूमिका बदलली. रेणू तोच.

बेसिक_भाऊ

ओके ओके, शस्त्रं खाली ठेवली 😅 सी लाईनचं खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं तिथे नुसता रंग असतो.

फ्रीजर_मायनस८०

सीरमवालीताईंनी "कामाचं नाव" सांगितलं, मी "आडनाव" सांगतो, कारण टी अँटीजेनचं उत्तर तिथे आहे.

जुन्या काळी प्रोटीन सापडायचं कसं? जीन सिक्वेन्स वगैरे नव्हतं. कुणाच्या तरी सीरममध्ये अँटीबॉडी सापडायची आणि ती पेशीत कुठे चिकटते ते बघितलं जायचं. चिकटते ती गोष्ट काय आहे, काय काम करते, काही पत्ता नाही. मग तिला नाव काय द्यायचं? "अमुक ठिकाणचा अँटीजेन". काम नंतर वीस वर्षांनी कळायचं पण तोपर्यंत नाव चिकटलेलं असायचं, जसं शाळेत पडलेलं टोपणनाव पन्नाशीत पण सुटत नाही.

एसव्ही४० टोचलेल्या हॅमस्टरना ट्यूमर यायचे. त्यांचं सीरम त्या ट्यूमरच्या पेशींवर टाकलं की केंद्रकात काहीतरी चमकायचं, पण व्हायरसच्या कणात ते नसायचं. ट्यूमर अँटीजेन, म्हणून टी. टी सेलशी काडीचा संबंध नाही. १९७९ ला त्या टी अँटीजेनबरोबर एक अनोळखी प्रोटीन सारखं ओढलं जातंय हे दिसलं, ते पी५३. आज कॅन्सरवाले ज्याच्यावर आयुष्य घालवतात ते असं पाहुण्याबरोबर आलेलं आहे.

हीच गत पीसीएनए ची. लांब नाव प्रोलिफरेटिंग सेल न्यूक्लिअर अँटीजेन. ल्युपसच्या पेशंटचं सीरम टाकलं की फक्त विभाजन होणाऱ्या पेशींची केंद्रकं चमकायची. निघालं काय, तर डीएनएभोवती कड्यासारखं बसून पॉलिमरेजला (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमला) घट्ट धरून ठेवणारं, प्रत्येक निरोगी माणसात असलेलं प्रोटीन. एपस्टाइन-बार व्हायरसचा ईबीएनए, त्यातलाही एनए म्हणजे न्यूक्लिअर अँटीजेन, तोही असाच.

आणि कळस म्हणजे एचएलए. ह्यूमन ल्युकोसाइट अँटीजेन. जाँ दोसे ने १९५८ मध्ये, रक्त चढवलेल्या लोकांच्या सीरममध्ये दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींना धरणाऱ्या अँटीबॉडी दाखवल्या, त्यातून हे सगळं प्रकरण उभं राहिलं, १९८० ला नोबेल. आता त्याच एचएलए चं स्वतःच्या शरीरातलं काम काय? अँटीजेनचा तुकडा टी सेलला दाखवणं. म्हणजे नावाप्रमाणे वाचलं तर "अँटीजेन दाखवणारा अँटीजेन". मी विद्यार्थी असताना हे वाक्य तीनदा वाचून पुस्तक मिटलं होतं.

अक्षरांचा तर वेगळाच तमाशा. एच अँटीजेन म्हणा आणि खोलीत चार जण बसवा. फ्लूवाला म्हणेल हिमॅग्लुटिनिन, एच१एन१ मधला एच. रक्तपेढीवाला म्हणेल ए आणि बी च्या आधीची साखर, जी बॉम्बे ब्लड ग्रुपमध्ये नसते. बॅक्टेरियावाला म्हणेल फ्लॅजेलाचा अँटीजेन, ई. कोलाय ओ१५७:एच७ मधला एच. उंदरांवर काम करणारा म्हणेल एच-२, म्हणजे उंदरांच्या एचएलए बद्दल बोलताय का. यातला बॅक्टेरियावाला एच मला फार आवडतो. प्रोटिअस नावाचा बॅक्टेरिया आगारवर पातळ थर धरत पसरतो, काचेवर श्वास सोडल्यावर धुकं येतं ना तसा. जर्मनमध्ये त्याला हाउख, म्हणून एच. जो प्रकार पसरत नाही तो ओहने हाउख, श्वासाविना, म्हणून ओ. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी डोळ्याला दिसलेलं धुकं आज रिपोर्टवर छापून येतं.

तेव्हा नावात अँटीजेन असला की दोन सेकंद थांबायचं आणि विचारायचं, हे काम सांगतायत की आडनाव.

पेट्रीडिश७

बापरे. दोघांना दंडवत. जावई आणि आडनाव वहीत गेलं. पण माझा ई तसाच राहिला ना. ई हा "व्हायरल अँटीजेन" आहे की नाही? आणि अजून एक, मी वाचलं की सी आणि ई एकाच जीनपासून येतात आणि बरंचसं प्रोटीन सारखंच आहे. मग ते दोन अँटीजेन कसे? की एकच?

सीरमवाली

हा खरा प्रश्न विचारलास. याच्यावर मी अर्धा तास बोलू शकते, थोडक्यात आवरायचा प्रयत्न करते.

आधी "व्हायरल अँटीजेन". हा शब्दप्रयोग लोक निदान तीन अर्थांनी वापरतात आणि कुठला ते सांगत नाहीत. कुणी म्हणतं व्हायरसच्या कणाचा भाग असलेला. कुणी म्हणतं व्हायरसच्या जीनोमने बनवलेला, मग कणात असो नसो. आणि कुणासाठी लागण झालेल्या पेशीने एमएचसीच्या (माणसात यालाच एचएलए म्हणतात) खोबणीत धरून दाखवलेला आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा हाच व्हायरल अँटीजेन, कारण टी सेलला तेवढंच दिसतं. तुला शेरा देणाऱ्यांनी पहिला अर्थ धरला, तू दुसरा. दुसऱ्या अर्थाने ई शंभर टक्के व्हायरल अँटीजेन आहे आणि कणात नाही, तुझा बाण बरोबर होता. डेंग्यूचा एनएस१ आठव. नावातच नॉन-स्ट्रक्चरल, म्हणजे कणात नाही असं नावच ओरडून सांगतंय, पेशी तो सहा-सहाच्या गटाने रक्तात सोडते, आणि तापाच्या पहिल्या दिवसांत टेस्ट त्याचीच करतात. त्याला व्हायरसचा अँटीजेन म्हणायला कुणाची ना नसते.

आता सी आणि ई. जीन तोच, सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. ई ची सुरुवात जरा आधीपासून होते, त्या जास्तीच्या तुकड्यात "मला पेशीबाहेर न्या" असा पत्ता असतो, म्हणून तो स्रावाच्या वाटेला लागतो. वाटेत तो पत्ता कापला जातो, शेपूटही कापलं जातं, पण पुढे १० अमिनो आम्लं जास्तीची राहतात. त्यात सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ती आतल्या दुसऱ्या सिस्टीनशी बंध बांधते आणि त्यामुळे दोन प्रती एकमेकींना धरतात त्याची ढबच बदलते. सी च्या प्रती एकत्र येऊन गाभ्याचा गोळा करतात, ई च्या करत नाहीत. मधली सुमारे १४९ अमिनो आम्लं मात्र दोघांत तीच.

अँटीबॉडीला विचारलंस तर ती म्हणेल दोन वेगळे अँटीजेन आहेत, कारण ती घडी घातलेला आकार चाचपते. म्हणून तर रिपोर्टवर अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीई, म्हणजे सी आणि ई विरुद्धच्या अँटीबॉडी, वेगळे येतात. टी सेलला विचारलंस तर ती म्हणेल छे, एकच आहे, कारण तिच्यापर्यंत आकार पोचतच नाही, पेशीने कापून दिलेले सरळ तुकडे पोचतात आणि ते तुकडे दोघांतले सारखेच. एकच की दोन, याचं उत्तर विचारणाऱ्यावर नाही, ओळखणाऱ्यावर. जावई!

नाईट_ड्युटी

मी लॅबमध्ये आहे, रात्रपाळी, आत्ता मशीन चालू आहे म्हणून वेळ आहे. हे सगळं वरच्या लोकांना पुस्तकी वाटत असेल तर सांगतो, या शब्दांच्या गोंधळाने आमच्याकडे लोक रडतात.

एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस. पहिला हिपॅटायटिस बी चा एस अँटीजेन, दुसरी त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी. पहिला पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस शरीरात आहे, दुसरी पॉझिटिव्ह म्हणजे लशीने किंवा बरं होऊन संरक्षण आलंय, १० च्या वर आकडा आला की खूश व्हायचं. ऐकायला जवळजवळ सारखं आणि अर्थ अगदी उलटा. एक बाई फोनवर हुंदके देत होत्या की मला कावीळ बी पॉझिटिव्ह आलीय, लग्न ठरलंय. रिपोर्ट काढून बघतो तर अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, लस घेतलेली. त्यांना कुणीतरी नुसतं "एचबीएस पॉझिटिव्ह" असं सांगितलं होतं, पुढचं मागचं अक्षर खाऊन. दहा मिनिटं समजावलं तरी शेवटी विचारलंच, "पण पॉझिटिव्ह आहे ना?"

त्यात अजून एक पाचर. लशीत जो टोचतात तो एस अँटीजेनच असतो, त्यामुळे लस घेतल्या घेतल्या थोडे दिवस रक्तात तो सापडू शकतो आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतो, लागण काहीही नसताना. आणि त्या एस चं मूळ नाव ऑस्ट्रेलिया अँटीजेन, ब्लूमबर्गला १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या सीरममध्ये मिळाला, हिमोफिलियाच्या पेशंटच्या अँटीबॉडीने धरला म्हणून. तेव्हा त्याला वाटलंही नव्हतं की हा व्हायरसचा आहे, तो रक्तातल्या प्रोटीनमधले फरक शोधत होता. १९७६ ला नोबेल. फ्रीजरदादांच्या आडनावाच्या यादीत टाका.

कोविडमध्ये पण हेच. लोक विचारायचे लस घेतली तर अँटीजेन टेस्ट पॉझिटिव्ह येईल का, लशीत अँटीजेनच असतो ना. अहो असतो, पण कुठला? स्पाइकवाल्या लशीत स्पाइक, आणि रॅपिड टेस्ट शोधते ती साधारणपणे आतली न्यूक्लिओकॅप्सिड. दोघांना अँटीजेन म्हटलं की माणूस एकच समजणार. आणि अँटीजेन टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत व्हायरस बाहेर पडतोच आहे असंही नाही, प्रोटीन आहे एवढंच ती सांगते.

ई बद्दल माझे दोन पैसे. ई अँटीजेन पॉझिटिव्ह असेल तर व्हायरस जोरात आहे हे आम्ही पाठ केलेलं. पण निगेटिव्ह म्हणजे शांत आहे असं नाही, कारण काही व्हायरसमध्ये त्या आधीच्या तुकड्यातच स्टॉप कोडॉन (प्रोटीन बनवणं थांबवणारी खूण) येतो, ई बनतच नाही आणि व्हायरस मजेत वाढतो. मग डीएनए मोजावा लागतो. ई नसला तरी व्हायरसचं अडत नाही, हा मुद्दा तुझ्या सरांना सांग, कणाचा भाग असता तर अडलं असतं.

रिव्ह्यूअर_नंबर_२

चर्चा छान पण जावयाचं जरा जास्त होतंय. "सगळं ओळखणाऱ्यावर आहे" असं म्हटलं की विद्यार्थी समजतात अँटीजेनचं स्वतःचं काही नसतंच. आकार खरा असतो आणि तो बदलला तर लस फसते.

आरएसव्ही या लहान मुलांच्या श्वसनमार्गाच्या व्हायरसचं एफ प्रोटीन घ्या. व्हायरसवर ते आवळलेल्या स्प्रिंगसारखं बसलेलं असतं, पेशीत घुसताना सुटतं आणि लांबडं होतं, परत येत नाही. अमिनो आम्लांची ओळ तीच, एक अक्षर बदललेलं नाही. पण सर्वात जोरदार न्यूट्रलाइज करणाऱ्या (व्हायरसला निकामी करणाऱ्या) अँटीबॉडी ज्या जागेला धरतात ती जागा फक्त सुटण्याआधीच्या आकारात आहे. १९६० च्या दशकात फॉर्मलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस लहान मुलांना दिली होती, अँटीबॉडी आल्या, पण त्या धरत होत्या आणि थोपवत नव्हत्या, आणि नंतर खरी लागण झाली तेव्हा लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली, दोन दगावली. २०१३ मध्ये सुटण्याआधीचा आकार कळला, तो तिथल्या तिथे कुलूपबंद केला, आणि २०२३ मध्ये लशी मंजूर झाल्या. कोविडच्या बऱ्याच लशींमध्ये स्पाइकमध्ये प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू घुसवलेले आहेत ते याचसाठी. तर "एफ हा अँटीजेन" एवढं लिहून तुम्ही काहीच लिहिलेलं नसतं, कुठला आकार ते लिहा.

दुसरं, अँटीजेनिसिटी आणि इम्युनोजेनिसिटी हे शब्द पेपरमध्ये कसेही फेकतात, मी रिव्ह्यूला आलेल्या प्रत्येक दुसऱ्या पेपरवर हाच शेरा लिहितो आणि लोकांच्या शिव्या खातो. एचआयव्हीवाल्यांना हा फरक हाडापर्यंत कळलाय. प्रयोगशाळेत बनवलेलं आवरणाचं प्रोटीन भारीतल्या भारी न्यूट्रलाइजिंग अँटीबॉडी मस्त धरून दाखवतं, म्हणजे अँटीजेन म्हणून पैकीच्या पैकी. तेच टोचलं तर तशा अँटीबॉडी बनत नाहीत. इम्युनोजेन म्हणून नापास. म्हणून ते लशीतल्या प्रोटीनला आग्रहाने इम्युनोजेन म्हणतात आणि बाकी जग "व्हॅक्सीन अँटीजेन" म्हणत बसतं.

सीरमवाली

मान्य, आकाराचा मुद्दा मी घाईत गाळला. पण जावई माझा शाबूत आहे हां, माणूस खराच असतो, नातं ठरवायला दुसरं घर लागतं एवढंच माझं म्हणणं. तुम्ही सांगितलेला "कुठला आकार" हाही "कुठल्या अँटीबॉडीसाठी" यावरच येऊन थांबतो, आरएसव्हीच्या सगळ्या अँटीबॉडी एकाच आकाराला धरत नाहीत, पालिविझुमॅब ही औषध म्हणून देतात ती अँटीबॉडी दोन्ही आकारांना धरते.

रिव्ह्यूअर_नंबर_२

मायनर रिव्हिजन, अ‍ॅक्सेप्टेड 🙂

बोरू

मी भाषेचा माणूस, चुकून इथे आलो आणि शेवटपर्यंत वाचलं. मराठी पुस्तकात अँटीजेनला प्रतिजन म्हणतात आणि अँटीबॉडीला कुठे प्रतिपिंड, कुठे प्रतिद्रव्य. प्रतिजन ऐकलं की मला विरोधी पक्षाचे कार्यकर्ते डोळ्यासमोर येतात. पण गंमत बघा, "जन" म्हणजे जन्माला घालणारा असा घेतला तर देत्रेचा जुना अर्थ, उठवणारा, तो मराठीत जसाच्या तसा आलाय. नवा अर्थ, धरला जाणारा, त्याला मराठीत शब्दच नाही. कुणी "धरण्याजोगा" सुचवू नका.

फ्रीजर_मायनस८०

बोरू, मग सुपरअँटीजेनला काय म्हणाल, महाप्रतिजन? तो तर फक्त नावापुरता अँटीजेन आहे. साधा अँटीजेन खोबणीत बसतो आणि हजारो-लाखोंतली एखादी टी सेल त्याला ओळखते. हा खोबणीत बसतच नाही, बाहेरून टी सेलचा रिसेप्टर आणि एमएचसी एकमेकांना चिकटवून टाकतो आणि एका फटक्यात पाच-दहा टक्के टी सेल पेटतात. आणि उंदरांमध्ये एमएलएस नावाचा एक गूढ "अँटीजेन" वर्षानुवर्षं लोकांना छळत होता, कुठला जीन आहे कळेना, १९९१ मध्ये निघालं की उंदराच्या स्तनाच्या ट्यूमरचा एक रेट्रोव्हायरस त्याच्या जीनोममध्ये घुसून बसलाय आणि तो सुपरअँटीजेन बनवतोय. म्हणजे तो स्वतःचा की परका, हेही सांगता येईना. घ्या.

पेट्रीडिश७

अपडेट. आज सरांना भेटले, सी-ई ची गोष्ट, स्टॉप कोडॉन आणि एनएस१ घेऊन. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, त्यातल्या आकृतीत ई चक्क गाभ्याच्या आत दाखवलाय. म्हणाले आम्ही हेच काढून पास झालो. मार्क दिला नाही, म्हणाले याद्या गेल्या. पण पुढच्या आठवड्यात फळ्यावर ती आकृती मी काढायची असं ठरलंय, आणि ज्युनिअर बॅचही बसणार आहे.

एकच शंका, ई चा बाण पेशीतून काढू की रक्तात नुसता ठिपका देऊ?

नाईट_ड्युटी

पेशीतून. आणि बाजूला रिकामे एस चे गोल पण काढ, २२ नॅनोमीटरवाले, आत डीएनए नसलेले, खऱ्या कणापेक्षा ते कितीतरी पटींनी जास्त असतात रक्तात. एचबीएसएजी टेस्टला जे सापडतं ते बहुतेक तेच असतं. ते नाही काढलंस तर मी मार्क कापेन.